जयदीपने ढोल उचलला नाही

चूक जयदीपचीच होती. ऑपरेशनची तारीख ठरवताना त्याने शनिवार-रविवार जोडून येतात का ते पाहिलं, सरकारी ऑफिसातल्या त्याच्या सेक्शनमध्ये कोण रजेवर आहे ते पाहिलं, फक्त संक्रांत पाहिली नाही. आणि फरीदाबादच्या त्यांच्या मराठी मंडळात संक्रांत म्हणजे पानिपत. सकाळी बस निघायची, तिथल्या काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं वाहायची आणि मग ढोल. पहिला ढोल कित्येक वर्षं जयदीपच्याच कमरेला असायचा. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, आठवडाभर जड काही उचलायचं नाही.

नसबंदीचं त्याने मनात घेतलं ते बायकोच्या, केतकीच्या, दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर. दोन्ही वेळा सिझेरियन. दुसऱ्या वेळी आत सगळं चिकटलेलं निघालं, पुन्हा पोट उघडायची वेळ आणू नका, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी त्याच्या आईचं, सरलाबाईंचं, एकच टुमणं. "बाईचं ऑपरेशन उरकून टाका. मी नव्हतं केलं? पुरुषाच्या अंगाला कशाला सुरी लावायची?"

सुरी लागलीच नाही. एक इंजेक्शन, बारीकसं छिद्र, आत काहीतरी ओढल्यासारखी कळ, आणि थोड्याच वेळात तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. आईला सांगितलं, ऑफिसच्या पायऱ्यांवर घसरलो. दोन दिवस पडून राहिला. सूज उतरावी म्हणून केतकीने फ्रीजरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून दिली. सरलाबाईंनी उन्हात बसून सोललेले मटार होते ते. "पिशवी गेली कुठे?" त्या घरभर विचारत फिरल्या. आत जयदीप हसू दाबत होता, कारण हसलं की दुखायचं.

संक्रांतीच्या सकाळी काला अंबला धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. "पाठ धरलीय म्हण," बसमधून उतरताना केतकी कुजबुजली.

ढोलपथकाचे प्रमुख राजाभाऊ समोर उभेच होते. "काय रे, ढोल काय आपोआप कमरेला येणार?"

"या वर्षी नाही, राजाभाऊ."

"का? वहिनी जेवायला घालत नाहीत का?"

पथकातले सगळे हसले. जयदीप पाठीचं सांगणारच होता, तेवढ्यात मागे बायकांना तिळगूळ वाटणाऱ्या आईचा आवाज आला. "सोमवारी केतकीचं ऑपरेशन ठरवलंय. मीच बोलून आले दवाखान्यात. दोन मुलं झाली, आता कशाला लांबवायचं?"

केतकीचा तिळगूळ घेतलेला हात तसाच राहिला. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

जयदीप वळला. "आई, केतकीचं रद्द कर. माझं झालंय."

"काय झालंय?"

"नसबंदी. गेल्या शुक्रवारी. म्हणून ढोल उचलत नाही."

सरलाबाईंनी तिळगुळाचा डबा खाली ठेवला.

"पायऱ्यांवर घसरलास ते?"

"नाही घसरलो."

सरलाबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे माझे मटार…?"

जयदीपने मान खाली घातली.

"अरे, सोललेले होते रे ते!"

आधी केतकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. राजाभाऊ मात्र घसा खाकरून म्हणाले, "पानिपतच्या मातीत उभं राहून सांगतोस हे?"

"हो. तिने दोनदा पोट फाडून घेतलं, राजाभाऊ. मी एका सुईला पाठ दाखवू?"

केतकीने ओढणी कमरेला खोचली आणि ढोलापाशी गेली. पुण्यात कॉलेजच्या पथकात वाजवायची ती. "पट्टा आवळून द्या," ती राजाभाऊंना म्हणाली. पहिला ठोका जरा चुकला. दुसरा असा पडला की स्मारकापाशी फोटो काढणारी माणसं वळून बघायला लागली. जयदीपने झांजा घेतल्या आणि तिच्या शेजारी उभा राहिला. झांजा काही जड नसतात.

जेवणं झाल्यावर राजाभाऊंनी त्याला बसच्या मागे गाठलं. बरोबर पथकातला दत्तात्रय होता, उगाच पान चघळत.

"फार दुखतं का रे? आणि ते… बाकीचं…"

"बाकीचं सगळं आहे तसंच राहतं. थोडं निळं पडतं, जड वाटतं, मग उतरतं. फक्त लगेच मोकळं रान नाही. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची, ती स्वच्छ आली की मग. तोवर काळजी घ्यायचीच."

"आणि रजा?" दत्तात्रयने विचारलं.

"सरकारी नोकरांना यासाठी खास रजा मिळते. आपण मागत नाही, एवढंच."

दत्तात्रयचं पान चघळणं थांबलं.

परतताना सरलाबाई जयदीपशेजारी बसल्या. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुझे बाबा बाहेर पेपर वाचत बसले होते. घरी आल्यावर विचारलं, स्वयंपाक कधी होईल." त्यांनी अंगावरची शाल काढली, घडी केली. "ऊठ जरा." शाल त्याच्या खाली सारली.

एक खड्डा आला आणि बस दणकली. सरलाबाई उभ्या राहिल्या.

"भैया, गाड़ी आराम से चलाओ! मेरे बेटे का ऑपरेशन हुआ है!"

"किस चीज़ का, माताजी?" ड्रायव्हरने आरशात बघत विचारलं.

सरलाबाईंनी शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला. "नसबंदी का! और किसी ने बोला नहीं, खुद जाके कराया है!"