तळ्यात टाकलेली आतडी

कुंडलचा नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आला, पण त्याचा राग काही पेन्शनीत गेला नाही. शेततळ्यात पाळलेल्या बदकांवर मात्र त्याचा लय जीव. परवा त्यातल्या एकानं मान टाकली, हिरवं पातळ हगायला लागलं. आजारी कोंबडीचं गावात करतात तेच त्यानं केलं. मरायच्या आत सुरी फिरवली आणि रस्सा करून खाल्ला.

आज सकाळी तळ्यात बदकांची मढी तरंगत होती.

"सर्जानंच इख घातलंय!" म्हणत नाथाजी काठी घेऊन बांधापलीकडं चुलतभावाच्या अंगणात घुसला. सर्जेराव मिश्री लावत होता. पहिला टोला खांद्यावर बसला, दुसऱ्यानं ओठ फुटला. नाथाजीनं त्याला फरफटत तळ्यावर आणला, काठी फेकली आणि एक मेलेलं बदक त्याच्यापुढं उभं फाडलं.

"बघ तुझं इख!"

आतडी सुजून लालभडक झाली होती, आत नुसतं रक्त. सर्जेराव तोंडातलं रक्त थुंकला.

"आवं तात्या, ही आतड्याची साथ हाय. आजारी पाखरू बाजूला काढून डॉक्टरला दावायचं असतंय. पयल्याची आतडी कुठं टाकली?"

नाथाजीनं तळ्याकडं बघितलं. ती त्यानं तळ्यातच भिरकावली होती आणि बाकीची बदकं त्यावर तुटून पडली होती.

बरबटलेले हात धुवायला तो पाण्याकडं वाकला. उरलेली बदकं बाहेर हाकलणाऱ्या बायकोनं, लीलाबाईनं, पडलेली काठी उचलली आणि त्याच्याच पाठीत घातली.

"लांब व्हा! ऱ्हायल्यात ती तरी जगू द्या."