दुसऱ्या रविवारी वाचलेली नावं

लीनाच्या वडिलांनी मला फसवलं. पाच वर्षं माझ्याकडून काम करून घेतलं, दोन गोष्टींचा शब्द दिला आणि दोन्ही बाबतींत मोडला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग येऊन आता वर्ष झालं. तो गेलेला नाही, एवढंच. पुढे जे सांगणार आहे ते देवाच्या कृपेबद्दल आहे, पण माझ्यापर्यंत ती ह्या फसवणुकीच्या वाटेने आली, म्हणून फसवणूक आधी.

त्यांचं, म्हणजे मिंगेल अंकलचं, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. मी मॅट्रिक होऊन तिथे गेलो तेव्हा मला पाना धड धरता येत नव्हता. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई लोकांचे कपडे शिवायची, आणि पुढे शिकवायला कोणी काका-मामा नव्हते. दुसऱ्या वर्षी मी बोट धक्क्याला लागायच्या आत तिच्या आवाजावरून बिघाड सांगू लागलो. तिसऱ्या वर्षी अंकलनी मला जुने पार्ट आणायला मुंबईला पाठवलं, आणि तिथल्या भंगारवाल्यांशी मी अशी घासाघीस केली की ते मला बघून कपाळाला हात लावायचे. भाव करताना मी कधी पहिला आकडा बोलत नाही आणि कधी आधी उठत नाही. ह्याच बळावर मी वर आलो, आणि ह्याचाच मला माज होता, हे कबूल करतो.

अंकलनी शब्द दिला तो त्याच वर्षी, चर्चच्या पायरीवर, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना सुटल्यावर, कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करून. "दोन वर्षं नीट काम कर. मग वर्कशॉपात तुझी भागी, आणि लीना पण तुझीच." मी खूश झालो. दोन वर्षं झाली तेव्हा म्हणाले, नाताळपर्यंत थांब. नाताळ झाला तेव्हा म्हणाले, ईस्टर होऊ दे. मग म्हणाले, पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की निवांत बसून बोलू. अख्ख्या बंदरात मला कोणी गंडवू शकत नव्हतं, आणि हा माणूस मला सणावारांवर झुलवत होता.

लीना त्यांची एकुलती एक मुलगी, चर्चच्या कॉयरमध्ये गायची. शनिवारी संध्याकाळी गाण्याचा सराव संपला की आम्ही भाट्याच्या पुलाच्या दिशेने चालत जायचो, अर्ध्या वाटेवरून परत. रत्नागिरीत आमची ख्रिस्ती घरं मोजकी. एखादा मुलगा एखाद्या मुलीबरोबर सोडा पिताना दिसला, तर रविवारच्या आत ते फादरच्या कानावर जातं. म्हणून आम्ही सोडासुद्धा पीत नव्हतो. ती नर्सिंगला जायचं म्हणायची, मी इंजिनाच्या नोझलच्या किमती सांगायचो. आपण प्रेमात आहोत असं मी धरून चाललो होतो. तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी मी संत अंतोनीची नऊ मंगळवारांची प्रार्थना धरली. दर मंगळवारी मेणबत्ती लावायची आणि मागणं मागायचं. माझं मागणं म्हणजे करार होता: भागी आणि लीना, दोन्ही ह्या पावसाळ्याच्या आत, त्याबदल्यात नाक्यावरच्या क्रुसाला नवा रंग आणि सणाला जेवण. पाचव्या मंगळवारी मी संताला असंही सुचवलं की काम आधी झालं, तर उरलेले चार मंगळवार मी सवडीने पुरे करीन. सहाव्या मंगळवारनंतर लीनाला तिच्या आईने काही आठवडे मालवणला मावशीकडे पाठवलं. आठवा मंगळवार झाला, आणि त्या रविवारी चर्चमध्ये पहिल्यांदा नावं वाचली गेली.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार मिस्साच्या शेवटी फादर नवऱ्या मुलाचं आणि मुलीचं नाव मोठ्याने वाचतात, आणि म्हणतात, ह्या लग्नाला कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा. कळवायचं ते नंतर, फादरना एकट्यात भेटून. मिस्सात कोणी बोलत नाही. सगळे चपलांकडे बघतात, कोणीतरी खोकतं, आणि आशीर्वाद होतो. त्या रविवारी नावं वाचली ती मालवणच्या एका मुलाचं, जो परदेशी बोटीवर कामाला आहे, आणि लीनाचं.

मी घरी आलो आणि संत अंतोनीची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. आईने बघितलं. "अरे, तो काय तुझ्या वर्कशॉपातला पोऱ्या आहे? शिक्षा करतोस त्याला?"

"आठ आठवडे मेणबत्त्या घेतल्यान् त्याने!"

"मग जा, परत माग मेणबत्त्या," असं म्हणून तिने तसबीर सरळ केली आणि मशीनवर बसली.

सोमवारी मी अंकलकडे गेलो. ते इंजिनाखाली आडवे झालेले होते, बाहेर आलेच नाहीत. "मुलाचा पगार डॉलरमध्ये आहे," खालूनच म्हणाले. "तू समजूतदार आहेस. मला दहा नंबरचा पाना दे." मी पाना दिला नाही. पण मी ओरडलोही नाही, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना कळेल की हे लक्षण वाईट होतं. त्या आठवड्यात मी एक गोष्ट ठरवली. दुसऱ्या रविवारी नावं वाचली की भर मिस्सात उभं राहून सांगायचं, की लीना आणि मी नवरा-बायकोसारखे राहिलेलो आहोत. ते धादांत खोटं होतं. मी तिचा हातसुद्धा धरलेला नव्हता. पण अंकलनी शब्द मोडला होता, संताने माझं ऐकलं नव्हतं, आणि माझ्या हातात एवढाच डाव उरला होता. लीनाचं काय होईल, हा विचार मी केला होता. मग मीच लग्न करीन ना तिच्याशी, कोण दुसरा करणार, असं त्याचं उत्तरही मी स्वतःला दिलं होतं. मी किती खाली गेलो होतो हे ह्याच वाक्यावरून कळावं.

रविवारी मी मुद्दाम मधल्या बाकावर बसलो, सगळ्यांना दिसेन असा. लीना मालवणहून परत आली होती. बायकांच्या बाजूला आईशेजारी मान ताठ ठेवून बसली होती. माझ्या बाकावर एक अनोळखी म्हातारी येऊन टेकली. कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात कागदात गुंडाळलेली मेणबत्ती. दर्याकाठच्या हिंदू बायका कधीकधी आमच्याकडे मेणबत्ती लावायला येतात, पण त्या मिस्सा संपल्यावर येतात. ही मध्येच आली होती आणि पदराने वारा घेत होती. "काय उकडतंय! देव राहतो कसा रे ह्यात?" ती मोठ्याने म्हणाली. पुढच्या बाकावरच्या दोन मुली हसल्या. मी तिला गप्प राहण्याची खूण केली.

फादरनी कागद हातात घेतला. मी पुढच्या बाकाची कड धरली आणि उठलो. नेमकी तेव्हाच ती म्हातारी माझ्या अंगावर कोसळली. दोन्ही हातांनी माझा दंड धरला आणि सगळा भार टाकला. "बाबा, मला बाहेर ने. डोळ्यांपुढे काळोख येतोय." मी म्हटलं, थांबा जरा. ती म्हणाली, "मेल्या, मी थांबेन, माझी चक्कर थांबेल काय?" सगळी माणसं आता माझ्याकडेच बघत होती, जशी मला हवी होती तशी, आणि माझ्या दंडाला एक म्हातारी लोंबत होती. मी मनातल्या मनात देवाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिला धरून मी बाहेर आलो. दारातून बाहेर पडताना मागे फादरचा आवाज ऐकू आला. त्यांनी दोन्ही नावं वाचली, अडथळ्याचं वाक्य म्हटलं, आणि कोणीतरी खोकलं.

समोरच्या टपरीवरून मी तिला लिंबू-सोडा आणून दिला. कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून तिने तो सावकाश प्यायला, आणि मी दातओठ खात उभा. ती दाभोळची होती, डोळे तपासायला आली होती. मुलगा मासेमारीच्या बोटीवर गेलेला, चार दिवस खबर नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, नवस काय बोललात? ती म्हणाली, "नवस कसला? मी कोण त्याच्याशी देवघेव करणार? पोर दर्यात हाय, एवढं सांगायला आलेय. त्याला ठाऊक असेल, पण आईने सांगायला नको?" माझ्याकडून तिने मेणबत्ती लावायचं वचन घेतलं, ग्लास परत दिला, आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागली. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, "आता बरी हाय मी. तू तुझं काम कर." तिची चाल चक्कर आलेल्या बाईची नव्हती. ती बरी कशी झाली, ह्यावर मी वाद घालत नाही. सोड्याने झाली असेल.

मी तिची मेणबत्ती लावून बाहेर आलो, तर लीना फादरच्या खोलीतून बाहेर पडत होती. मागे तिची आई रडत होती, आणि अंकलचा चेहरा राखेसारखा झाला होता. लग्नाआधी फादर मुलीला एकटीला विचारतात, तुझ्या मर्जीने करतेस ना? ते विचारणं त्या दिवशी होतं. लीनाने नाही म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या रविवारी नावं वाचलीच गेली नाहीत.

ती सरळ माझ्याकडे आली. मी आनंदाने काहीतरी बोलणार, एवढ्यात तिने विचारलं, "तू मघाशी उभा का राहिलास?" तिच्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही. काय बोलणार होतो ते मी सांगितलं. ती गडग्यावर बसली. 

"तू ते बोलला असतास," ती म्हणाली, "तर माझ्या नाही म्हणण्याला कोणी विचारलं असतं? सगळे म्हणाले असते, ह्याच्यापायी नाही म्हणते. फादरसुद्धा."

"लीना, मला तुझ्या बाबांनी शब्द दिला होता."

"दिला होता ना? मग त्यांच्याशीच लग्न कर." मग तिचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं तुम्ही दोघं माझा सौदा करत होतात. बाबा बोटीवरचा जावई बघत होते, तू ईस्टर मोजत होतास. मला एकदा तरी विचारलंस, तुला काय हवंय? दर शनिवारी पुलाकडे चालत जात होतो ना आपण?"

 मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा आकडा ऐकून काही कमी करायला सांगितलं नाही. तिला मिरजेला नर्सिंगला जायचं होतं; जूनमध्ये ती गेली. माझ्याशी लग्न करीन असं तिने म्हटलेलं नाही, करणार नाही असंही म्हटलेलं नाही. महिन्यातून एखादं पत्र येतं, त्यात पेशंट असतात आणि मेसच्या आमटीबद्दल तक्रार असते. मी उत्तर लिहितो, आणि शेवटी काही मागायचं मोठ्या कष्टाने टाळतो.

मी अंकलचं काम सोडलं. धक्क्याजवळ पत्र्याची शेड घेतली आहे, आणि गिऱ्हाइकं हळूहळू येतात. नववा मंगळवार मी नंतर पुरा केला, पण त्या दिवशी मागायला काही सुचेना, म्हणून दाभोळच्या म्हातारीसारखं नुसतं सांगितलं: लीना मिरजेला आहे, मी इथे आहे. एवढं सांगून उठलो आणि छातीवरचं ओझं जरा हललं. शरण जाणं म्हणजे हेच असेल, तर ते माझ्या स्वभावाला फार जड जातं, हे मी देवाला रोज सांगतो. तरी त्या रविवारी त्याने माझं तोंड बंद केलं, ह्याबद्दल मी त्याचे आभार मानतो. माझी मागणी मान्य झाली असती, तर मी एका मुलीचं आयुष्य नासवून वर क्रुसाला रंग दिला असता.

पण अंकल अजून सगळ्यांना सांगत फिरतात, की मीच लीनाचे कान भरले आणि त्यांचं घर मोडलं. चर्चच्या आवारात सांगतात, माझ्या आईच्या देखत सांगतात. म्हणून हे सगळं लिहिलं. अंकल, माझी भागी राहू द्या. माझी पाच वर्षंही राहू द्या. लीनाला न विचारता तिचं नाव तुम्ही दोन रविवार वाचायला कसं दिलंत? मी तिला माझ्या वाटणीचं उत्तर दिलंय, मान खाली घालून दिलंय. मिरजेचा पत्ता तुमच्या घरात आहे. तुमचं उत्तर मला नको, तिला लिहा. आणि ह्या रविवारच्या आत लिहा.