वाकळेतली एक नंबरची जर्सी

क्लबच्या माणसानं फोनवर विचारलं, "आजोबा, एक नंबरची जर्सी अजून जमा झालेली नाही. कुठे आहे ती?"

मी म्हणालो, "वाकळेत."

"म्हणजे?"

"मंजे शिवली. माझ्या बायकोनं. या उसवायला."

मोठ्या शहरातला माणूस, वाकळ कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसावं. त्याला मी सांगत बसलो नाही. इथं सांगतो.

माझं घर पेडगावात. माझी नात, म्हणजे लेकीची लेक, फुटबॉल खेळते. गोलकीपर आहे. लेक-जावई पुण्याकडं कामाला गेले तेव्हा ही चार वर्षांची होती. आमच्याकडंच वाढली. शाळेतल्या सरांनी तिला गोलात उभं केलं ते उंची बघून, पण तिचे हात तयार केले माझ्या बायकोनं. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसायची आणि न सांगता एखादं लिंबू पोरीच्या तोंडावर फेकायची. पोरगी भाकर खाता खाता झेलायची. सुटलं की म्हातारी म्हणायची, "गेला गं गोल. ऊठ, भांडी घास." तिनं फुटबॉल कधी धड बघितलेला नव्हता, पण गोल झाला की भांडी घासायची, हा नियम तिनं पक्का केला होता.

पुढं पोरगी बायकांच्या लीगमधल्या एका क्लबात लागली. पगारी. आधी गाव हसलं, चड्डी घालून खेळती म्हणून. मग मोबाईलवर तिची मॅच दिसायला लागली तेव्हा तेच लोक मोबाईल घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. बायकोनं त्यांना चहा दिला नाही. "चड्डी बघायला आलाव ना? बघा आन् जावा," म्हणाली.

दोन हंगाम ती खेळली. तिसऱ्याच्या आधी क्लबनं सगळ्या पोरींना घरी पाठवलं. बायकांचा संघ यंदा उतरवायचा का नाही ते ठरायचंय, निरोप देऊ, असं सांगितलं. क्लबच्या मोठ्या मालकाचं मन उडालं होतं म्हणे. त्याच मालकाचा पुरुषांचा संघ चालू होता. त्याचं ठरायला काही वेळ लागत नव्हता.

मग निरोप यायचा तो एकच. थांबा. पोरगी सकाळी शाळेच्या मैदानावर एकटी पळायची, भिंतीवर बॉल मारून झेलायची. पारावरची माणसं मला विचारायची, "काय बाबा, क्लब बुडाला म्हणं?" मी म्हणायचो, "बुडला तर तुमाला आधी कळवतो. रडायला माणसं लागतेलच."

त्या थांबण्यातच माझी बायको गेली. ताप आला, परभणीला नेली, चौथ्या दिवशी आणली ती तशीच. पोरगी तेव्हा घरी होती, एवढंच त्या थांबण्याचं चांगलं म्हणायचं. पण त्याचे उपकार मी क्लबच्या नावावर धरत नाही.

जायच्या आधी बायको वाकळ शिवत होती. आमच्याकडं घरातल्या माणसांचे जुने कपडे वाकळेत जातात. जे आत गेलं ते घरातलं. माझं धोतर होतं, तिची दोन लुगडी होती, जावयाचा सदरा होता. त्यात तिला पोरीच्या पिशवीत खांद्याला फाटलेली जर्सी सापडली. फाटलेलं आणि घरी आणलेलं म्हणजे आपलं, असं तिनं धरलं. क्लबात जर्सी मोजून देतात आणि मोजून घेतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचे कपडे तिनं आत घातले, जर्सी मात्र वर मधोमध लावली, एकचा आकडा दिसेल अशी. पोरीला कळलं तेव्हा तीन बाजू शिवून झाल्या होत्या. ती आजीला काही बोलली नाही. चौथी बाजू राहिली ती राहिलीच.

बायकोचं दुसऱ्या महिन्याचं श्राद्ध घातलं त्या आठवड्यात क्लबचा कागद मोबाईलवर आला. इंग्रजीतला. पोरीनं मराठी करून वाचून दाखवला. सगळं सामान परत करा. आणि 'मी स्वखुशीने क्लब सोडत आहे' यावर सही करा. मग एनओसी मिळेल. एनओसी म्हणजे दुसऱ्या क्लबात जायची मोकळीक. ती नसेल तर पोरगी कुठंच खेळू शकत नाही. खाली दक्षिणेतला एक क्लब तिला घ्यायला तयार होता, पण आठ दिवसांत कागद दाखव म्हणत होता.

स्वखुशीने. हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात कळ गेली.

मी परभणीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी बांधायला होतो. तीन दिवाळ्या मालक म्हणत राहिला, यंदा मशीन चालू होईल. बंद झालं असं त्यानं एकदाही तोंडातून काढलं नाही. मग मुकादमानं कागद आणला. मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण सही वळणदार यायची. आमच्या पाळीत सही येणारे दोघं-तिघंच. मुकादम म्हणाला, "आधी तुमी करा, मंजे बाकीचे करतील." मला तो माझा मान वाटला. मी केली. माझं बघून बाकीच्यांनी अंगठे उठवले. नंतर आम्ही आमच्या हक्काच्या पैशाचं जिथं जिथं विचारायला गेलो तिथं त्यांनी तोच कागद पुढं केला. तुम्ही तर आपल्या खुशीनं गेलात की!

बायको मला जन्मभर म्हणाली, "सही येती म्हणून केली. मला येत न्हाई ते बरं हाय."

मी पोरीला म्हणालो, "सही करू नको."

"आबा, ते आठच दिवस थांबणार हायेत. यंदाचं वरीस गेलं तर मला कोण बोलवतंय? बसलेली गोलकीपर कुणाला पायजे?"

"मंग जाय की. पण खोटं लिवून जाऊ नको."

"सगळ्याच करतील सह्या."

"केली का कुणी?"

"अजून न्हाई."

"तू कोण हायस त्यांच्यात?"

"उपकप्तान."

"मंजे तुझी आधी मागितली."

"व्हय," पोरगी म्हणाली. मी जे समजायचं ते समजलो. माणसं बदलतात, शहरं बदलतात, मुकादम तोच.

मग ती भडकली. "तुमाला जर्सी द्यायची न्हाई! आजीची वाकळ उसवायला नको म्हणून माझं वरीस घालवायलाव तुमी!"

हे मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. मी उठलो, दाढीचं पातं आणलं, वाकळ मांडीवर घेतली आणि जर्सीच्या कडेचा टाका कापला. बायकोचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. एकेक कापत गेलो. डोळ्याला नीट दिसत नव्हतं, ते म्हातारपणानं म्हणा नाहीतर कशानं. चार बोटं उसवलं तेव्हा पोरीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आबा."

"का? जर्सी त्यांचीच हाय. आजीनं चुकून शिवली, ती चूक आपली. घे आन् दे त्यांना. पण सही तुझी हाय. ती त्यांनी दिलेली न्हाई, त्यांना परत करायची न्हाई."

तिनं पातं माझ्या हातातून काढून घेतलं. वही आणली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. आम्ही क्लब सोडलेला नाही. खेळायला तयार आहोत. संघ उतरणार असेल तर कोणत्या दिवशी यायचं ते लिहा. उतरणार नसेल तर उतरणार नाही असं तुम्ही लिहा आणि आम्हाला मोकळं करा. 'बेइमान' असा एक शब्द मी सांगितला होता, तो तिनं काढला. मग त्याचं इंग्रजी केलं, खाली आपलं नाव घातलं आणि पोरींच्या ग्रुपवर टाकलं. दिवस मावळायच्या आत दोघी सोडून सगळ्यांनी त्याखाली आपापली नावं घातली. त्या दोघींना मी नावं ठेवत नाही. मीही केली होती.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या त्या माणसाचा फोन आला, सुरुवातीला सांगितला तो. जर्सीचं सोडून तो मूळ गोष्टीवर आला.

"आजोबा, तुम्ही मुलींना भडकवताय."

"मी चौथी शिकलोय. भडकल्या असतील तर तुमच्या इंग्रजीनं."

"यात तुमच्या नातीचं नुकसान होईल."

"तुमच्याकडं बायकांचा संघ हाय का?"

"ते अजून ठरायचंय."

"मंग नुकसान कोण करणार? संघ असल तर बोलवा तिला, उद्याच्या गाडीनं येती. नसल तर न्हाई म्हणा. एवढ्या एका शब्दाला इतके महिने लागतेत व्हय?"

त्यानं फोन ठेवला. पोरगी म्हणाली, "आजी असती तर त्याला भांडी घासायला लावली असती."

सातव्या दिवशी कागद आला. यंदा बायकांचा संघ उतरवत नाही, सर्व खेळाडूंना मोकळीक आहे. मी तो पोरीकडून दोनदा वाचून घेतला. स्वखुशी हा शब्द कुठंच नव्हता. शेवटी लिहिलं होतं, एक नंबरची जर्सी जमा नाही.

आम्ही क्लब वाचवला असं मी म्हणत नाही. संघ गेलाच. त्यातल्या कितीतरी पोरींना अजून दुसरा क्लब मिळालेला नाही, घरी बसल्यात. तिच्या नव्या क्लबानं तरी पुढल्या वर्षाचं काय लिहिलंय? मी विचारलं. ती म्हणाली, "बघू." मी म्हणालो, हा शब्द या घरात बोलायचा नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी वाकळ घेऊन बसलो. उसवलेली चार बोटं शिवली, मग राहिलेली चौथी बाजूही. तांदळाचा टाका मला येत नाही. मला येतो तो पोत्याचा. दाभण आणि सुतळी घेऊन घातला. पोरगी बघून म्हणाली, "आबा, ही वाकळ हाय का गठाण?"

"आता सुटणार न्हाई," म्हणालो.

पोरीला वाकळ बरोबर न्यायची होती. मी दिली नाही. तू तिकडं नवी जर्सी घाल, फाटली की मोजून परत दे, म्हणालो.

ती गेली. आता मी वाकळ उन्हात घालतो ती रस्त्याकडच्या भिंतीवर, आकडा बाहेर करून. परवा पारावरचा एक जण थांबला.

"काय बाबा, जर्सी क्लबला द्यायची ऱ्हाईली म्हणं?"

"ऱ्हाईलीय," म्हणालो. "त्यांना सांग, संघ घेऊन या आन् घेऊन जावा."