पिवळे बाण

आमचे हे कंपनीतून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत आमच्या रहाटणीच्या फ्लॅटमध्ये पिवळ्या रेघा उमटल्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत एक, चपलांच्या जागेभोवती चौकोन, गॅसच्या सिलिंडरला वेढा. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्स सांभाळण्यात यांचा जन्म गेला. तिथे माणसांनी चालायचं ते पिवळ्या रेघांच्या आतून, आणि रेघेबाहेर कुणाचा पाय पडला की हे ओरडायचे. आता ओरडायला मी एकटीच उरले होते. एकदा माझ्या हातात उकळत्या आमटीचं पातेलं असताना हे म्हणाले, "अगं, लाइनच्या आतून ये." मी पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं, घरात सुखाने राहायचं असेल तर बाहेर काहीतरी काम शोधा.

राग आमटीपुरता होता, खरी होती ती काळजी. सुरुवातीला कंपनीतून फोन यायचे, अमुक मशीन अडलंय, तमुक वायर कुठून गेलीय. हे ऐटीत म्हणायचे, "बघतो. सध्या जरा कामात आहे." मग ते फोन कमी झाले आणि एक दिवस बंदच पडले. तरी मोबाइल खिशातून सुटेना. आंघोळीला जाताना तो बेसिनवर ठेवायचे आणि दार किलकिलं ठेवायचे. वाजायचा तो फक्त कर्ज हवंय का विचारायला. त्या मुलीलाही हे घरदार, गाव, तब्येत विचारून घ्यायचे.

अशात सोसायटीतल्या एकाने यांना भटक्यांच्या गटात ओढलं. गटाचा पुढारी मारुंजीत भाड्याने राहणारा, आयटीतला एक उत्साही माणूस. त्याचं स्वप्न असं, की चाकणच्या मागच्या टेकड्यांपासून थेट घाटमाथ्यापर्यंत जंगलाजंगलातून जाणारी एकच लांबलचक पायवाट जुळवायची. वाटेचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी खुणा करायच्या, मग सगळ्यांनी तो एक दिवस चालून बघायचा. वाट नीट लागली तर टप्पा नकाशावर चढणार आणि त्याची देखभाल खुणा करणाऱ्याकडेच राहणार. देखभाल म्हणताच आमच्या ह्यांचे कान टवकारले. एक टप्पा यांनी मागूनच घेतला.

मग काय विचारता! रोज सकाळी डबा, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्वारी स्कूटरवरून निघायची. झाडांना रंग लावायचा नाही असा गटाचा दंडक होता, म्हणून यांनी दगडांवर बाण काढले. रंग अर्थातच कंपनीच्या रेघांचा, पिवळा. दगड मात्र निवडले एका माणसाला सहज उचलता येतील असे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पक्कं केलं की पुढे मेंटेनन्सला त्रास होतो. सुटं बरं." मला ते पटलं. माझ्या मनात तेव्हा पाल वगैरे काही चुकचुकली नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

चालायचा दिवस थंडीतला रविवार होता. चाकणच्या चौकात ट्रेलरांच्या गर्दीत आमचा टेम्पो इतका वेळ अडकला, की तेवढ्यात एक डोंगर चढून झाला असता. टेकडीच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा हे सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर जुनं कंपनीचं हेल्मेट. मी डोळे मोठे केले तर म्हणाले, "फांद्या लागतात." सुरुवातीची वाट खरंच छान होती. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडं, खाली करवंदीच्या जाळ्या, पानगळीचा पाचोळा, आणि वळणावळणावर पिवळा बाण. बाण आला की हे मुद्दाम दुसरीकडे बघायचे आणि मागून कुणी "वा काका" म्हणतंय का ते ऐकायचे. दोघं-तिघं म्हणालेही. मला बरं वाटलं.

त्यानंतर एका बाणाने आम्हाला शेळ्यांच्या वाड्यात नेलं. शेळ्या आमच्याकडे बघत राहिल्या, आम्ही शेळ्यांकडे. हे म्हणाले, "अं, इथून उजवीकडे असेल." उजवीकडच्या बाणाने विहिरीवर नेलं, विहिरीवरच्या बाणाने बाभळीखाली, आणि बाभळीखालच्या बाणाने पुन्हा शेळ्यांकडे. या खेपेला शेळ्यांनी मानही वर केली नाही. गटात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालणारे. पुन्हा बाभळीखाली आलो तेव्हा ते थबकले आणि म्हणाले, "ही मघाशी मी खाल्लेल्या संत्र्याची सालं." पुढाऱ्याने घड्याळात पाहिलं. त्याच्या घड्याळावर आमचा मार्ग उमटत होता. मी डोकावले तर तिथे नुसता गुंता होता.

आमचे हे पार घामाघूम. "मी स्वतः लावलेत गं," एवढंच मला हळूच म्हणाले.

शेवटी झाडी सरली आणि एका खडकाळ माळावर आलो. तिथे बाणांची जत्रा भरली होती. दगडांच्या दोन समांतर ओळी, मधे चांगला ऐसपैस हमरस्ता जाईल एवढी जागा. काही बाण यांचे, काही दुसऱ्याच कुणी काढलेले, जाडेभरडे. माळाच्या मधोमध पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक माणूस प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून उभा होता.

"या सायेब, या!" हेल्मेट बघून तो सरळ आमच्या ह्यांच्याकडेच आला. "मोजनीला येनार म्हनून कवाधरनं वाट बघतोय. आरं, च्या आन रं!"

आमच्या भागात दगडावर पिवळा रंग दिसला की त्याचा एकच अर्थ होतो. जमीन जाणार. रस्त्याला, नाहीतर कंपनीला. हे हेल्मेट घालून रोज एकटेच दगड रंगवत फिरत होते, तेवढ्यात खाली गावातल्या लोकांच्या बोलण्यात रस्ता येऊनसुद्धा गेला होता. या माणसाकडे आता हा नापीक माळच उरला होता. तो रस्त्यात जाऊन भरपाई मिळावी म्हणून त्याने बाण उचलून इथे आणून लावले होते, आणि कमी पडले तेव्हा स्वतः काढले होते.

एवढ्यात खालच्या कांद्याच्या वावरातून दुसरा एक जण तारेचा ब्रश हातात घेऊन तरातरा वर आला. पांढऱ्या शर्टाचा थोरला भाऊ. "मोजनी व्हायाची न्हाई! माझ्या हिरीवरनं रस्ता जाऊ द्येनार न्हाई मी!" त्याने आपल्या बाजूचे बाण कुठे घासून काढले होते, कुठे शेळ्यांकडे वळवले होते.

"अहो, रस्ता नाहीच आहे," हे म्हणाले. "चालायची वाट आहे."

"व्हय, पर रुंदी किती?" धाकटा.

"एक माणूस जाईल एवढी."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. "तुमी एवढी मानसं मंग कुठं निघालाय?" थोरल्याने विचारलं.

"पलीकडच्या गावात," पुढारी म्हणाला.

"तिथं कोन हाय तुमचं?"

"कुणीच नाही."

"आवं, पर तिथं येस्टी जाती की."

काठ्यावाले गृहस्थ "प्रकृतीला चांगलं असतं" असं काहीतरी पुटपुटले आणि खुर्चीत बसून चहा प्यायला लागले. धाकट्याने आमच्या ह्यांना बाजूला घेऊन डोळा मारला. "समाजलं सायेब. आत्ता उघड बोलायचं न्हाई."

पुढची वाट दोन्ही भावांनी दाखवली. एकट्याला पाठवलं तर तो साहेबांना फितवेल, अशी दुसऱ्याला धास्ती. ओढ्यातून, सागाच्या रानातून, भांडत भांडत त्यांनी आम्हाला पलीकडच्या गावात पोचवलं. निरोप घेताना हे दोघांना म्हणाले, "दगड हलवू नका. काही असलं तर मला फोन करा." आणि नंबर दिला.

परतीच्या टेम्पोत पुढारी यांच्याशेजारी येऊन बसला. "काका, वाईट वाटून घेऊ नका. हा टप्पा आपण सोडू या. डांबरी रस्त्याने जोडून घेऊ."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "सिस्टिम चालत नसेल तर बदलायलाच पाहिजे." आणि हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या पुढाऱ्याचा राग आला, दगडांचा आला, शेळ्यांचासुद्धा आला. यांचा मात्र येईना, आणि त्याचीच मला भीती वाटली.

घरी आल्यावर यांनी चपलांभोवतीचा चौकोन खरवडून काढला. मग बाकीच्या रेघाही गेल्या. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी हेच मागत होते ना? पण स्वयंपाकघरात जाताना माझे पाय अजूनही नसलेल्या रेघेच्या आतूनच पडायचे, आणि हे बघूनही काही बोलायचे नाहीत. दिवसभर खुर्चीत. काहीतरी करा म्हटलं की करायचे, पण सांगितलं तेवढंच.

एका सकाळी मी यांना लसूण सोलायला बसवलं होतं, तेव्हा मोबाइल वाजला. मशीनच्या आवाजात यांचे कान गेलेत, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"सायेब, वळखलं का? माळावरचा. थोरल्यानं दगडं पुन्यांदा फिरवली बगा. तुमी येऊन नीट लावा."

"अहो, रस्ता येणार नाहीये. आणि आमची वाटसुद्धा रद्द झाली."

"व्हय व्हय, त्ये समदं बराबर हाय. पर तुमी येनार कवा?"

पलीकडे झटापट झाली आणि थोरल्याचा आवाज आला. "सायेब, ह्यो लबाड हाय, ह्याचं ऐकू नगा. तुमी सोता या. तुमच्याबिगर हे कुनाला निस्तारायचं न्हाई."

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि मी कितीतरी दिवसांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "बघतो. सध्या जरा कामात आहे. रविवारी जमवतो."

फोन ठेवून यांनी समोर पाहिलं तर लसणाची वाटी नव्हती. ती मी केव्हाच उचलून आत नेली होती. कामात असलेल्या माणसाला कुणी लसूण सोलायला बसवतं का?