लाल पाण्याखालची मरळ

अन्याय झाला तो एका मरळीवर. या आषाढातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, वलगावपलीकडच्या पाझर तलावात. एका माशासाठी कोण पत्रक काढतो म्हणून हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण पूर्ण वाचून हसावं.

त्या सकाळी मी शिकायला गेलो होतो. गळाचा नाद मला जुना, पण या तलावाने मला कायम रिकाम्या हाताने परत पाठवलं. काठाला बेशरमाची झुडपं, आत दाट शेवाळ. मरळ राहते नेमकी त्यातच. गळ टाकावा तर हाती शेवाळाचा भारा. अकोल्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा मित्र म्हणाला होता, "रबरी बेडूक घेऊन येतो, यार. शेवाळात अडकला त मले सांग."

त्या सकाळी बांधावर मांडी घालून त्याने हा आमिषाचा बेडूक गळाला कसा लावायचा ते दाखवलं. गळाचं टोक बेडकाच्या नाकातून जरासं आत घालायचं, लगेच हनुवटीखालून काढायचं. रबर गळाच्या मानेपर्यंत सरकवून गळ उलटा फिरवायचा. मग टोक पोटातून पाठीवर आणायचं आणि शेवटी पाठीच्याच रबरात, तांदळाच्या दाण्याएवढं, परत लपवायचं. शेवाळाला टोक लागत नाही. माशाने चावलं की रबर दबतं आणि टोक बाहेर येतं.

माझा पहिला बेडूक पाण्यात गरगरत आला.

"हा बेडूक हाय का भोवरा बे?"

"तुह्या बोटाले सवय हाय, मले नाई."

"सवय जाऊ दे चुलीत. गळ आधी बाहेरून लावून पाह्य ना, वाकण कुठी येते थे. तिथंच टोच."

तिसरा बेडूक सरळ बसला. मी तो मुद्दाम सगळ्यात दाट शेवाळावर फेकला. टुणटुणत परत आला आणि अंगाला एक काडी चिकटली नव्हती! मी नुसता बघत राहिलो. ज्या शेवाळाने इतकी वर्षं मरळीला सांभाळलं, त्यात आता वाट झाली होती, तांदळाएवढं टोक लपवल्यामुळे.

अमरावतीहून मोटारसायकलवर आलेले दोन पोट्टे बाजूला उभे राहून पाहत होते. "भाऊ, आमाले बी सांगा ना." मित्राने त्यांनाही बेडूक देऊन, बसवून शिकवलं. हातचं राखणं त्याच्या स्वभावात नाही.

तेवढ्यात शेवाळातल्या मोकळ्या पाण्यावर मला लाल डाग दिसला. कोणीतरी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी मारली, असं वाटून मी शिवी घालणार, तर पिचकारी सरकली. मित्राने माझं मनगट धरलं.

"टाकू नको. पिल्लं हायेत."

शेकडो पिल्लं. लालभडक, ज्वारीच्या दाण्याएवढी. सगळी एकदम हवा घ्यायला वर यायची आणि पाणी बारीक पाऊस पडावा तसं थरथरायचं. त्यांच्या खाली काळं लाकूड पडलेलं दिसलं. एक चिलापी, पिल्लं खाणारा मासा, जवळ आली आणि त्या लाकडाने झेप घेतली. पाणी फाटलं, चिलापी पळाली, आणि लाकूड पुन्हा पिल्लांखाली येऊन उभं. एरवी बेडूक काय, दुसऱ्यांची पिल्लंही गिळणारा हा मासा. स्वतःच्या पिल्लांखाली मात्र पहारेकऱ्यासारखा हलत नव्हता. मला आपोआप खाली बसावंसं वाटलं. देवळात बसतो तसं.

"आता थे भुकीनं नाई झपटत," मित्र हळूच म्हणाला. "जवळ येईन त्याले हाकलते. म्हणून त फसते."

तो हे बोलत असतानाच पलीकडे सरकलेल्या त्या दोन पोट्ट्यांकडून एक रबरी बेडूक उडाला आणि बरोबर त्या लाल पाण्यात पडला.

मरळीने झेप घेतली. रबर दबलं, टोक निघालं. शिकवलं होतं अगदी तसंच.

"सोडा तिले! खाली पिल्लं हायेत!" मित्र ओरडत धावला.

"तुही हायेत का थे? तलाव तुह्या बापाचा हाय का?"

मीही धावलो, भांडलो, घसा फोडला. त्यांनी फोटो काढला, मरळ पोत्यात घातली आणि गाडीला किक मारली. पोतं धडधडत होतं. पाण्याबाहेरही ती मरायला तयार नव्हती.

पिल्लं तिथेच होती. वर यायची, खाली जायची, त्याच जागी. चिलाप्या गोळा झाल्या, आणि आता कोणी झेप घेत नव्हतं. मित्र काठावर बसून खडे मारून त्यांना हाकलत होता. एक माणूस मरळीचं काम किती वेळ करणार? लाल डाग डोळ्यांदेखत लहान होत गेला.

"मी शिकवलं बे त्याईले," एवढंच तो म्हणाला.

शिकवणं चूक नव्हतं. अर्धं शिकवलं, ती चूक. म्हणून माझं मागणं तुमच्याकडे आहे, वाचणाऱ्याकडे. आषाढ-श्रावणात पाण्यावर लाल डाग दिसला की रॉड खाली ठेवा आणि बाजूच्याला ठेवायला लावा. आणि हा रबरी बेडूक बांधायला कोणाला शिकवाल, तर आधी त्याला ते लाल पाणी दाखवा. गळ नंतर त्याच्या हातात द्या.