गोदाआजीचं शून्य

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखाद्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, की 'वय झालं' म्हणायला तुम्हाला किती वेळ लागतो? मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

आत्या जाऊन महिना झाला. इंदापूरच्या एसटी स्टँडवर बायकांच्या संघटनेची पत्रकं वाटत होते, तेव्हा फोन आला... उरलेली पत्रकं तशीच बाकावर राहिली. आत्या बारामतीत मेंदूच्या आजारांची डॉक्टर होती. दवाखाना आटोपला की गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची नोंद ठेवायची. तीच माणसं, तेच प्रश्न, दरवर्षी. विसरणं वयाचं कुठलं आणि आजाराचं कुठलं, हे तिला शोधायचं होतं. फार सावकाश चालणारं, दमवणारं काम.

या नोंदीच्या पहिल्या वर्षी, तिच्या मदतीला म्हणून, सोमेश्वरनगरजवळच्या वस्तीवर मी गोदाआजींना नवऱ्याचं नाव विचारलं. त्या गप्प. मी वहीत शून्य लिहिलं आणि निघताना 'आईंना विसर पडतोय' असं त्यांच्या मुलाला सांगूनही टाकलं. त्याने दुसऱ्या दिवसापासून आईला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. हे कळल्यावर आत्या रागावली नाही. मग मला घेऊन परत गेली.

"त्यांचं नाव कसं घ्यायचं गं?" गोदाआजी म्हणाल्या. "तुज्या आत्यानं नवराच केला न्हाय, तिला काय ठावं!"

आत्या खूप हसली. बायकांचं तोंड बांधणाऱ्या या रिवाजावर मी वाटभर तावातावाने बोलले. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली, "पण आधी ते शून्य खोड."

दुसऱ्या वर्षी सुनेने नाव सांगायचं आणि आजींनी फक्त मान हलवायची, असं ठरलं होतं. त्याआधीच गोदाआजींनी भरल्या अंगणात, दिरासमोर, नवऱ्याचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. सून हसली. मलाही बरं वाटलं, रिवाज मोडला म्हणून... आत्याने पेन्सिल खाली ठेवली. मुलाला म्हणाली, "आईंना सोमवारी दवाखान्यात आणा. आणि चूल बंद करू नका, जवळ कुणीतरी बसा."

जन्मभर पाळलेला रिवाजच आजी विसरल्या होत्या; आजाराची पहिली खूण ती होती.

"याचं औषध मी असेपर्यंत निघायचं नाही," परतताना ती म्हणाली. "नोंद तरी नीट राहू दे."

बारामतीजवळच्या जळोचीतल्या तिच्या खोलीत वही तशीच आहे, वर खोडरबर. तिसऱ्या वर्षाचा रकाना कोरा आहे आणि मी एकटी पुरत नाही. ज्यांना या वस्त्या, ही घरं माहीत आहेत, त्यांनी रविवारी सकाळी खोलीवर या. पेन्सिल आणा. कोणी गप्प बसलं, तर लिहिण्याआधी कारण विचारा.