प्रभूचा टोप

माझी थोरली बहीण नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप करते. मी त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर नाटकांचे कपडे शिवते. एका खोलीत अर्धं आयुष्य काढल्यावर दोघी बहिणींनी एकमेकींपासून काय लपवावं? पण ताई काहीतरी लपवत होती. लपवतेय एवढंच मला दिसत होतं, काय ते दिसत नव्हतं. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

राजांचे, म्हाताऱ्यांचे, चेटकिणींचे टोप उघड्या फळीवर लाकडी डोक्यांवर बसलेले असायचे. एकच टोप कपाटात, तोही कुलपात. तो आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिरातला, प्रभूचा. वर्षातून एकदा आमची मंडळी प्रभूच्या जीवनावर नाटक करते, तेव्हा प्रभू होणाऱ्याच्या डोक्यावर तो चढतो. बाकीचे टोप धुवायचं, विंचरायचं काम माझं. याला हात लावला की ताई म्हणायची, "राहू दे, तो मी बघते." आणि मोरीचं दार आतून लावून तो धुवायची. केस धुवायला दार कशाला लावावं लागतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

नाटकाला टोप लागायचा, कारण आमच्यात पुरुषाने केस वाढवायचे नाहीत. कॉलरला टेकला की तो केस लांब. हा नियम शास्त्रातला किती आणि भाऊजींचा किती, हे मला अजून नीट कळलेलं नाही. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक. नोकरी जमीन मोजणीची. लोकांच्या कुंपणांवर संशय घेण्यात त्यांची हयात गेली, आणि रविवारी तीच नजर घेऊन ते प्रार्थनेच्या दारात उभे राहायचे. पोरांनी त्यांचं नाव 'इंच' ठेवलं होतं. 'इंच आला' म्हटलं की भलेभले मानेवरून हात फिरवायचे.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, शाळा संपता संपता, केस खांद्यापर्यंत वाढवले. भाऊजींनी शास्त्र उघडलं. लांब केस पुरुषाला लाज आणतात, असं प्रेषिताने लिहून ठेवलंय, म्हणाले.

"मग प्रार्थनामंदिराच्या भिंतीवरच्या चित्रात प्रभूंचे केस खांद्यापर्यंत कसे?" मुलाने विचारलं.

"तो चित्रकार प्रभूंच्या वेळी हजर होता का?"

"नव्हता. तुम्ही होतात?"

त्यावर भाऊजींनी ताईच्याच टेबलावरची कात्री उचलली, पोराची मागे बांधलेली शेपटी मुठीत धरली आणि एका दमात कापली. मुलगा रडला नाही. महिना उलटायच्या आत घर सोडून गेला. आता दूरच्या शहरात असतो. ताईशी आणि माझ्याशी फोनवर बोलतो, बापाचा विषय निघाला की "ठेवतो" म्हणतो. भाऊजींनी पुन्हा कधी त्याचं नाव घेतलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे इथेच सांगून टाकते.

या वर्षी भाऊजींनी मंडळीपुढे नवा विषय काढला. प्रभूंच्या काळी त्या मुलखात पुरुष आखूड केस ठेवत. लांब केस नंतरच्या चित्रकारांनी आपल्या मनाने चढवले. तेव्हा नाटकातला प्रभू आखूड केसांचा हवा आणि जुना टोप जाळून टाकायला हवा. वर आणखी एक शंका: "हे केस आहेत कुणाचे? बाजारातून आणलेले. कुठल्या डोक्यावरचे, कुठल्या घरातले, काय करून आलेले, कुणाला माहीत? आणि आम्ही वडिलांनी त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे?" नाटकाच्या शेवटी सगळे वडील रंगमंचावर जाऊन गुडघे टेकतात, अशी आमच्याकडची रीत आहे. ते गुडघे भाऊजींना फार दिवस खुपत होते. निकाल रविवारच्या सभेत व्हायचा होता.

ताईने जेवण सोडलं. एका टोपापायी? असले शंभर टोप तिने केलेत आणि नाटक कंपन्यांनी त्यांची पायपुसणी केलेली हसत बघितलीयत. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळून चुकलं. ती कुणाच्या डोक्याचं माप घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी तिच्या सुयांच्या डबीतून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. चोरी म्हणा हवं तर.

टोपाचं काम असं असतं: डोक्याच्या मापाची बारीक जाळी करायची आणि तिच्यावर आकड्याने एकेक केस गाठायचा. विकतच्या केसांत अनेक डोकी मिसळलेली असतात. कितीही रंगवा, उजेडात धरलं की हा काळा, तो तपकिरी, असं दिसतंच. टोपाच्या मागच्या बाजूला तसंच होतं. पण पुढे आणि माथ्यावर सगळा केस एकाच रंगाचा, एकाच वळणाचा. रंग लावलेलाच नव्हता. उन्हात किंचित तांबूस दिसत होता. हे एकाच डोक्यावरचे केस होते, आणि ते डोकं मी पोराच्या लहानपणी मांडीवर घेऊन धुतलेलं होतं.

ताई परत आली तेव्हा मी टोप हातात घेऊन तशीच बसले होते. तिने आधी दार लावलं.

"कचऱ्याच्या डब्यातून काढली शेपटी," ती म्हणाली. "काय करणार होते मी? उशाशी घेऊन झोपणार होते? जाळीवर गाठली."

"आणि भाऊजींना गुडघे टेकायला लावलेस?"

"मी कुठे लावले? मंडळीची रीत आहे." तिचा चेहरा अगदी साधा होता. त्या चेहऱ्यावर मी आजही विश्वास ठेवत नाही. दर वर्षी शेवटच्या प्रवेशाला ती पडद्याआड नेमकी भाऊजींचे गुडघे दिसतील अशी उभी राहते, ते मी बघितलेलं आहे.

"सांगून टाक त्यांना."

"सांगितलं तर आजच जाळतील. तू तोंड उघडलंस तर याद राख."

रविवारी सभेला झाडून सगळे आले. पाळकसाहेब मध्ये बसले, कुणालाच दुखवायचं नाही अशा बेताने. प्रभूची भूमिका करणारा पाववाला पहिला उठला. "टोप नसला तर मला कोण प्रभू म्हणेल? मागच्या बाकावरून पावाची ऑर्डर येईल." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, शास्त्रात नवस बोललेले पुरुष केस कापत नसत, त्याचं काय? भाऊजींकडे उत्तर तयार होतं. "नवसाची माणसं द्राक्षारसाला शिवत नसत. प्रभू तर पंक्तीत बसून पीत होते. तेव्हा ते नवसाचे नव्हेत." मुद्दा बिनतोड होता. मला राग आला तो त्याचाच. हा माणूस बोलण्यात कधीच चुकायचा नाही.

मग ते ताईकडे वळले. घरातल्या बाईला विचारावं तसं नव्हे, शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल विचारावं तसं. "केस कुठून आणले, ते मंडळीला सांगा. व्यापाऱ्याचं नाव सांगा."

ताई उभी राहिली. मला वाटलं, आता ही एखाद्या व्यापाऱ्याचं नाव ठोकून देईल. मी मनातल्या मनात दोन-तीन नावं तयारसुद्धा ठेवली. पण ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती. त्या चित्राखाली तिला खोटं बोलता येईना.

"मागचे विकतचे आहेत," ती म्हणाली. "पुढचे आणि माथ्यावरचे आपल्या मुलाचे. तुम्ही कापले ते."

सभेत दाखवायला आणलेला टोप पाववाल्याने मांडीवर घेतला होता. त्याने तो घाईघाईने दोन्ही हातांनी उचलून धरला. कुठे ठेवावा, हे त्याला सुचेना. पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. भाऊजी पुढे आले, त्यांनी टोप घेतला आणि खिडकीपाशी नेला. आता फाडतात, असं वाटून मी अर्धी उठलेच. त्यांनी माथ्यावरून बोट फिरवलं, केस बाजूला करून जाळी बघितली, पुन्हा बोट फिरवलं. मोजणीवाल्याची खोड, खात्री केल्याशिवाय मानायचं नाही. मग टोप तसाच छातीशी धरून ते बाहेर पडले. सभेचा निकाल काय लागला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी जवळजवळ धावतच घरी पोहोचलो. ते स्वयंपाकघरात बसले होते. टोप समोर टेबलावर. काडेपेटी आपल्या जागी आहे ना, ते मी आधी बघितलं. ताईनेही तेच बघितलं.

"त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?" भाऊजींनी विचारलं.

"कशाला हवाय?"

"बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

ताईने नंबर दिला नाही. इतक्या वर्षांत त्यांना 'नाही' म्हणताना मी तिला पहिल्यांदाच बघितलं. मला फार बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांची थोडी कीवही आली. मग तिने आपलाच फोन काढला, स्वतः लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर न ठेवता हातातच धरला. अंगठा लाल बटणावर.

"हां, आई."

"तुझे बाबा बसलेत समोर. त्यांना बोलायचंय. नको असेल तर आत्ता बंद करते."

पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "कशाबद्दल बोलायचंय?" तो म्हणाला. "अजून केसांबद्दलच का?"

भाऊजींनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. त्यांची नजर टोपावर गेली. त्यांचा हात त्याच्या जवळ होता, पण त्याला लागलेला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "केसांबद्दलच. ते मी कापायला नको होते."

ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"बोला," तो म्हणाला.

भाऊजी बोलू लागले. ताईने अंगठा काही बटणावरून काढला नाही.